त्याच्या नावाने दिलेलं रक्त

माझ्याजवळ रक्त तपासणीचा एक जुना कागद आहे. त्यावर माझ्या आतेभावाचं नाव आहे, त्याचं वय आहे, आणि खाली सगळं ठीक असल्याचा शेरा आहे. शेरा खरा आहे. ज्याचं रक्त तपासलं तो माणूस त्या दिवशी ठणठणीत होता आणि पुढंही राहिला, कारण ते रक्त माझं होतं. ज्याच्या नावाचा कागद, तो त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत गेला.

ही गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या आत्याला, तर नाहीच. आणि तिच्या सुनेला ती सांगायला मला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

बहात्तरचा मोठा दुष्काळ संपला त्याच्या पुढच्या वर्षी मी औषध कंपनीत लागलो. बी.एस्सी. झालो होतो, सांगलीत खोली घेतली होती. कातडी बॅग, गळ्याला टाय आणि पायात चकचकीत बूट घालून एस.टी.नं सांगली, इस्लामपूर, कराड, उंब्रज, सातारा असा फिरायचो. डॉक्टरांना भेटायचं, औषधाची माहिती सांगायची, नमुन्याच्या गोळ्या ठेवायच्या आणि नमस्कार करून निघायचं. कंपनी परदेशी होती. वर्षातून एकदा आम्हा सगळ्यांना पुण्यात बोलवायचे.

त्या वर्षीच्या बैठकीत भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता. युरोपावर टाचण्यांची गर्दी, अमेरिकेवर गर्दी, आणि आपल्या देशावर चार-दोन टाचण्या. आमचे मोठे साहेब छडी घेऊन उभे होते. मणक्याच्या एका दुखण्यावरची गोळी आम्हाला विकायची होती. हे दुखणं म्हाताऱ्यांचं नाही, विशी-पंचविशीतल्या पोरांचं, असं त्यांनी सांगितलं. कंबरेपासून सुरू होतं, सकाळी पाठ फळीसारखी ताठ होते, हालचाल केली की सुटते, आणि वर्षं गेली की मणके एकमेकांना चिकटत जातात. शेवटी माणसाला मान वर करून आभाळ बघता येत नाही.

"तिकडं प्रत्येक डॉक्टरला हा आजार माहीत आहे," साहेब म्हणाले. "म्हणून तिकडं मार्केट आहे. आपल्याकडं त्याला वात म्हणतात, लचक म्हणतात, आळस म्हणतात. आजार आहे, पण नाव नाही. तुम्ही नाव पोचवा, मार्केट आपोआप उभं राहील."

मागच्या रांगेतला एक जुना सहकारी पुटपुटला, "तिकडं शर्यतीच्या घोड्यांनाही हीच देतात म्हणे." साहेबांनी ते ऐकलं. ते हसून माझ्याकडं वळले. "सातारा-सांगलीत घोडे नाहीत, पण पैलवान आहेत की! काय हो, मिळेल का एखादा?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसताच मला माझा आतेभाऊ आठवला.

गोळीच्या डबीत आठ घड्या घातलेला एक पातळ कागद असायचा. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही गोळी क्वचित एखाद्याचं रक्त बिघडवते. पांढऱ्या पेशी संपत जातात. म्हणून रक्त पुन्हा पुन्हा तपासावं, आणि घसा दुखला, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर गोळी त्याच दिवशी बंद करावी. आम्हाला हे शिकवलं होतं. किती बोलायचं तेही शिकवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तर पूर्ण सांगा, नाही विचारलं तर पुढच्या मुद्द्यावर जा. मला दोन्ही नीट जमायचं.

आतेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. उंब्रजजवळच्या गावात त्यांचा ऊस होता आणि घरात कुस्ती होती. गावच्या तालमीत तो पहिल्या नंबरचा पैलवान. त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं होतं. मुलगी शिराळ्याकडची, सातवी शिकलेली, बोलायला चुणचुणीत. मला ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "भावजी, गळ्यात त्ये काय बांदलंय? बैलाला दावं बांदत्यात तसं." तेव्हापासून मी गावात जाताना टाय काढून खिशात ठेवायचो.

दादाची पाठ वर्षभर दुखत होती. पहाटे त्याला अंथरुणातून उठता यायचं नाही. तो आधी कुशीवर वळायचा, मग भिंत धरायचा, मग उभा राहायचा. पण शंभर जोर मारले की पाठ मोकळी व्हायची, आणि त्यामुळंच त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. तालमीचे वस्ताद सैन्यातून परत आलेले, शब्दाला कडक. ते म्हणायचे, "झोपला की दुखतंय आन् जोर मारलं की जातंय? आसलं कसलं रं दुखणं? ह्यो आळस हाय. लगीन झाल्यावर पाठ गादी सोडंना झालीया."

तालमीतली पोरं फिदीफिदी हसायची. दादाही हसायचा. पण हसताना त्याला छाती पूर्ण फुगवता येत नव्हती, हे मी पाहिलं होतं.

मी त्याला कराडच्या डॉक्टरांकडे नेलं. ते वयस्कर, अबोल आणि अतिशय काटेकोर गृहस्थ होते. त्यांनी दादाला भिंतीला पाठ लावून उभं केलं, वाकायला लावलं, एक्स-रेचा फोटो काढायला लावला. फोटो खिडकीला धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आळस नाही हा. कंबरेचे सांधे धरायला लागलेत. बरा होणारा आजार नाही. पण थोपवता येईल."

मी बॅगेतून डबी काढली. डॉक्टरांनी घड्या उलगडून तो कागद वाचला. माझ्यासमोर अख्खा कागद वाचणारे तेवढे एकच डॉक्टर मला भेटले. वाचून झाल्यावर त्यांनी एक पांढरं कार्ड घेतलं, त्यावर दादाचं नाव लिहिलं आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट या कार्डावर चढेल. रिपोर्ट नाही तर गोळी नाही. तुम्ही भाऊ आहात ना याचे? मग ही जबाबदारी तुमची."

मी हो म्हणालो.

गोळीनं चमत्कार केला. चौथ्या दिवशी दादा भिंत न धरता उठला. आत्यानं देवीला साडी नेसवली. महिन्याभरात तो तालमीत अशा काही पकडी करू लागला की वस्तादांनीही आळसाचा विषय सोडला. दादाचे डोळे लकाकायचे. "गड्या, तू गोळी न्हाई आणली, पाठ आणलीस माजी," म्हणायचा.

आणि मी त्याला घेऊन फिरू लागलो. हे मला आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. इस्लामपूरच्या, साताऱ्याच्या, सांगलीच्या दवाखान्यांत मी दादाला सोबत न्यायचो. डॉक्टरांसमोर आधीचा एक्स-रे धरायचा आणि म्हणायचं, "दादा, वाक." दादा सदरा काढून कमरेत वाकायचा आणि दोन्ही तळवे फरशीला टेकवायचा. एवढा मोठा गडी तसा वाकलेला बघून डॉक्टर चकित व्हायचे. त्यांच्याकडं अशी पोरं येत गेली, ज्यांना वर्षानुवर्षं लचक म्हणून तेल चोळलं होतं. गोळी लिहिली जाऊ लागली. पुण्याहून साहेबांचं पत्र आलं, की तुमच्या भागात टाचण्या वाढल्या.

त्या पोरांपैकी कित्येकांना खरंच आराम पडला, हे खरं आहे. पण त्यांच्यातल्या किती जणांचं रक्त कोणी तपासलं, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दादाची रक्त तपासणी मात्र होत होती. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष असे तीन महिने मी त्याला कराडला नेलं. रक्त द्यायची त्याला भीती नव्हती, पण ते त्याला आवडत नसे. शिशीत जाणाऱ्या रक्ताकडं तो वाण्याच्या तराजूकडं बघावं तसा बघायचा. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी कार्डावरचे तिन्ही आकडे बोटानं दाखवले.

"थोड्या थोड्या उतरतायत पेशी. अजून काळजीचं नाही. पण पुढचा रिपोर्ट मला नक्की हवा. एक दिवसही उशीर नको."

बाहेर आल्यावर दादानं विचारलं, "काय म्हणला रं डाक्टर?"

"पुढच्या महिन्यात परत यायचंय," मी म्हणालो. पेशींचं मी बोललो नाही. तो पैलवान होता, त्याच्या मनात भीती कशाला घालायची, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या महिन्यात, पौषात, औंधची जत्रा होती. यमाईच्या जत्रेतल्या मैदानात दादाची कुस्ती ठरली होती, कोल्हापूरकडच्या एका नामी पैलवानाशी. मी हे उत्साहानं साहेबांना कळवलं, आणि साहेबांनी उलट कळवलं की ते स्वतः फोटोग्राफर घेऊन येतात. मणक्याच्या दुखण्याचा रोगी मैदानात कुस्ती करतो, हा फोटो कंपनीच्या पत्रिकेत परदेशात जाईल. माझी बढती त्या पत्रात लिहिलेली नव्हती, पण मला ती वाचता आली.

जत्रेच्या आठ-दहा दिवस आधी मी दादाला कराडला न्यायला गेलो. तो तालमीत होता. लाल माती अंगभर, आणि वस्ताद कट्ट्यावर बसलेले. मी रक्ताचं नाव काढलं मात्र, वस्ताद उठून उभे राहिले.

"रगत काडायचं? कुस्तीच्या आदी? आरं पोरा, तू शिकलाईस का येडा हाईस? ह्येच्या अंगात जे रगत हाय ते म्हैन्याम्हैन्याच्या तुपाचं, बदामाचं, दुधाचं रगत हाय. त्ये काय इहिरीचं पाणी हाय व्हय, सोडली बादली आन् काडलं?"

"वस्ताद, दोन चमचे पण नसतं ते," मी म्हणालो.

"दोन चमचं? मैदानात दोन चमच्यानंच मानूस पडतो. कुस्ती झाल्यावर काय हंडाभर काडायचं त्ये काड."

मी दादाकडं पाहिलं. तो माती झटकत खाली बघत होता. मग बाजूला घेऊन मला म्हणाला, "न्हाई जमायचं रं. वस्तादांचा शब्द मोडून मैदानात उतरलो तर हात थरथरायचं माजं. कुस्ती हू दे, दुसऱ्या दिशी येतो, देवीची आन."

"पण रिपोर्ट दिल्याशिवाय डॉक्टर गोळी देणार नाहीत. गोळी नाही तर पाठ धरेल. मग कुस्ती कशी?"

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्ये तू बघ की. तुजं वजन हाय की डाक्टरकडं."

हे गणित मी त्या दुपारी उंब्रजच्या एस.टी. थांब्यावर बसून पुन्हा पुन्हा मांडलं. माझ्या बॅगेत नमुन्याच्या गोळ्या होत्या, त्या मी देऊ शकलो असतो. पण कराडचे डॉक्टर कार्ड राखून होते. रिपोर्ट नाही म्हटल्यावर ते दादाला बोलावून घेतील, गोळी थांबवा म्हणतील, कदाचित कुस्तीच थांबवा म्हणतील. आणि साहेब येणार होते. मला सगळं शांतपणे पार पडायला हवं होतं, फक्त दहा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीतल्या एका तपासणीच्या खोलीत गेलो, जिथं मला किंवा दादाला कोणी ओळखत नव्हतं. चिठ्ठीवर मी दादाचं नाव लिहिलं. वयाच्या जागी माझा हात क्षणभर थांबला, मग तिथंही मी त्याचं वय लिहिलं. रक्त घेणाऱ्यानं नाव पुकारलं. मी उठलो आणि बाही वर केली.

"पैलवान?" कुस्तीत गाजलेलं आडनाव वाचून तो हसून म्हणाला. "दंड काही तसा वाटत नाही."

"सोडली आता," मी म्हणालो.

सुई आत गेली. माझं रक्त शिशीत चढताना मला वस्तादांचं बोलणं आठवलं आणि उगाच हसू आलं. एवढं सोपं होतं ते. संध्याकाळी मी रिपोर्ट घेतला. त्याची एक प्रत माझ्यासाठी जास्तीची मागून घेतली. का घेतली, ते मला आजही सांगता येत नाही.

कराडच्या डॉक्टरांनी तो आकडा कार्डावर चढवला. आधीच्या तिन्ही आकड्यांकडं त्यांनी पाहिलं आणि चष्मा काढला.

"छान वर आल्या की पेशी. मला थोडी धास्ती होती. सांगलीला का केलं?"

"तो सांगलीत आला होता, कामासाठी."

"ठीक. चालू ठेवा." त्यांनी सही केली. मी नमस्कार केला. मला आठवतं, दवाखान्याच्या पायऱ्या मी दोन-दोन करून उतरलो.

जत्रेच्या दिवशी औंधला थंडी होती. टेकडीवरून वारं येत होतं. साहेब मफलर गुंडाळून फोटोग्राफरसह आले होते. दादा लंगोट कसून, अंगाला माती लावून माझ्याजवळ आला. आवाज त्याचा घोगरा होता.

"गड्या, घशात कायतरी टोचतंय. कालपास्नं. थुकी गिळंना. वैनीनं तुज्या हळद-दूद दिलं, तरी न्हाई."

ते ऐकल्यावर माझ्या डोळ्यासमोर आठ घड्यांचा तो कागद आला. बारीक अक्षरासकट आला. मला वाक्य पाठ होतं. ज्या दिवशी घसा दुखेल त्या दिवशी. पंधरा पावलांवर साहेब उभे होते आणि फोटोग्राफर कॅमेऱ्याची पट्टी मानेत अडकवत होता.

"थंडीचं आहे," मी म्हणालो. "दोन दिवसांत जाईल."

त्यानं मान डोलावली. त्याचा माझ्यावर विश्वास होता, कारण त्याची पाठ मी आणली होती.

कुस्ती दादानं मारली. वीस मिनिटं चालली असेल. शेवटी त्यानं त्या धिप्पाड गड्याला कमरेवर घेऊन उचललं, तेव्हा त्याची पाठ धनुष्यासारखी वाकली आणि लोक उठून उभे राहिले. फोटो नेमका तेव्हाचा आहे. तो परदेशात गेला की नाही मला कळलं नाही. गावच्या तालमीत मात्र तो मोठा करून लावला, आणि अजून आहे.

फेट्यातला दादा घरी आला आणि झोपला. तिसऱ्या दिवशी ताप भरला. गावच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. तोंडात फोड आले, पाणी गिळता येईना. पाचव्या दिवशी बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एस.टी.नं त्याला कराडला आणलं. मला सांगलीत निरोप आला आणि मी पोचलो, तेव्हा डॉक्टर हातात कार्ड घेऊनच उभे होते.

"घशाचा संसर्ग आहे, जोराचा," ते म्हणाले. "गोळीची शंका आली होती मला. पण रक्त तर दोन आठवड्यांपूर्वी उत्तम होतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. दादा जिवंत होता. मला तोंड उघडायचं होतं, इतकंच काम होतं. मी कार्डाकडं बघत राहिलो.

डॉक्टरांनी दोन दिवस घशावर उपचार केले. ताप उतरेना म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढलं. या वेळी दादाचं स्वतःचं. रिपोर्ट आला आणि डॉक्टर खुर्चीत बसले. पांढऱ्या पेशी जवळपास नव्हत्याच. त्यांनी तो रिपोर्ट आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवलं.

"इतक्या लवकर? चढलेल्या असताना?" ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "त्या सांगलीच्या तपासणीच्या दिवशी तुम्ही तिथं हजर होतात ना?"

"होतो," मी म्हणालो.

खोटं बोललो नव्हतो. तिथं फक्त मीच हजर होतो.

दादा चौथ्या दिवशी सकाळी गेला. शुद्धीवर असताना तो बायकोला खुणेनं म्हणाला की पाठ दुखत नाही. डॉक्टरांनी पुढं आयुष्यात ती गोळी कोणाला लिहिली नाही. मी गेलो की ते मला चहा द्यायचे आणि म्हणायचे, "माझं काहीतरी चुकलं हो त्या पोराच्या बाबतीत. काय ते कळत नाही." ते गेले तेव्हाही त्यांना कळलं नव्हतं.

पण मी हे लिहितो आहे ते एवढ्यासाठीच नाही.

तेराव्याला वस्ताद ओसरीवर बसले होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी म्हणलं हुतं. पैलवानाचं लगीन एवढ्यात करू नगा. वरसात रगत आटलं गड्याचं. डाक्टरबी त्येच म्हनतोय न्हवं, रगत संपलं म्हनून?"

बायकांत बसलेल्या आत्यानं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि सुनेकडं पाहिलं. त्या क्षणापर्यंत तिच्या नजरेत फक्त दुःख होतं. त्यानंतर वेगळं काहीतरी आलं.

"पांढऱ्या पायाची," आत्या म्हणाली. "खाल्लंस माज्या वाघाला."

वहिनीनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. घरात शिकलेला, औषधातलं कळणारा मीच होतो. रक्त आटण्याचा आणि लग्नाचा काही संबंध नाही, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तरी पुष्कळ होतं. पण ते वाक्य बोललो तर लोक विचारणार, मग रक्त कशानं आटलं? म्हणून मी मान खाली घातली. आणि वहिनीनं माझी मान खाली गेलेली पाहिली. तिला वाटलं असणार की शिकलेला माणूसही तेच मानतो.

महिन्याच्या आत तिला माहेरी पाठवलं, शिराळ्याकडं. तिच्या ट्रंकेवर ज्वारीचं पोतं ठेवून एस.टी.च्या टपावर चढवलं. त्या साली नागपंचमीला तिच्या माहेरच्या गावात बायका झोके खेळत होत्या आणि तिला कोणी बोलावलं नाही, हे मला तिच्या गावच्या औषध दुकानदाराकडून कळलं. पुढं तिनं शिवणाचं मशीन घेतलं. लग्न पुन्हा झालं नाही. पांढऱ्या पायाची म्हणून नाव आधीच पोचलं होतं.

मला बढती मिळाली. मी आणखी कैक वर्षं औषधं विकली, मोठा साहेब झालो, माझ्याही हातात छडी आली. बाहेरच्या देशांत ती गोळी माणसांसाठी हळूहळू बंद होत गेली. घोड्यांसाठी राहिली. आता त्या दुखण्यावर नव्या इंजेक्शनांचा बाजार आहे, बर्फात घालून येणाऱ्या, आणि जगभर त्यांची उलाढाल प्रचंड आहे. मध्यंतरी मी मिरजेच्या एका दवाखान्यात माझ्या गुडघ्यासाठी बसलो होतो. शेजारी एक तरुण पोरगा होता, पाठ ताठ, मान न वळवता बोलणारा. इंजेक्शनाआधी त्याचं रक्त घ्यायला नर्स आली. तिनं त्याला नाव विचारलं. जन्मतारीख विचारली. मग त्याच्या मनगटावरची पट्टी वाचली आणि पुन्हा नाव विचारलं.

"किती वेळा इचारताय सिस्टर?" पोरगा हसून म्हणाला.

"दुसऱ्याचं रक्त जाऊ नये तुमच्या नावावर," ती म्हणाली.

मी माझा नंबर यायच्या आधीच उठलो. त्याच आठवड्यात शिराळ्याला गेलो.

वहिनी अंगणात तांदळातले खडे निवडत होती. केस सगळे पांढरे. तिनं मला ओळखायला वेळ लावला नाही.

"भावजी? टाय कुटाय तुमचा?"

मी खाली बसलो. खिशातून कागद काढला आणि सुरुवातीपासून सांगितलं. तालीम, वस्ताद, सांगली, सुई, कार्ड, औंध, घसा. तेराव्याच्या दिवसाचंही सांगितलं. तिचा हात सुपात तसाच राहिला होता. सांगून झाल्यावर मला वाटलं ती ओरडेल. तिनं कागद घेतला, लांब धरून वाचला.

"नाव त्येंचं," ती म्हणाली. "आन् रगत तुमचं."

"हो."

"म्हंजी माज्यामुळं न्हाई."

"नाही वहिनी. कधीच नव्हतं."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "लोक म्हणायचं त्येचं काय न्हाई वो. पर मलाबी वाटायचं. रातंदीस मशीन चालवताना वाटायचं, आसंल खरंच. म्या त्येस्नी कुस्तीच्या आदल्या रात्री हाताला धरून थांबवलं हुतं, वाईच बसा म्हणून. तेवढ्यानंच गेलं, आसं वाटायचं. पन्नास वरसं." तिनं माझ्याकडं पाहिलं. "आन् तुमाला ठावं हुतं."

मी माफ कर म्हणालो. तिनं ते ऐकल्यासारखं केलं नाही.

"सासूबाई गेल्या. वस्ताद गेले. ज्येंनी म्हणलं त्ये समदे गेले. आता तुमी ह्ये कुनाला सांगणार?"

मी कागदाची घडी घालायला हात पुढं केला.

"तालीम हाय न्हवं अजून?" ती म्हणाली. "त्येंचा फोटू हाय तितं. तितं पोरास्नी काय सांगत्यात ठावं हाय मला. माज्या भाच्याचा पोरगा जातो कुस्त्या बगायला. त्येला सांगत्यात, ह्यो पैलवान बायकोपायी गेला, तवा लंगोट संबाळा." तिनं कागद माझ्या हातात परत दिला. "तितं जाऊन वाचा. फोटूखाली हुबं ऱ्हाऊन."

बायकांनी तालमीत पाय ठेवायचा नाही, हा तिथला जुना नियम आहे, अजूनही पाळतात. मी ते बोललो.

"म्या कुटं आत येतीया? दारात हुबी ऱ्हाते. तुमी आतनं मोठ्यानं वाचा."

गेल्या पौषात आम्ही गेलो. तिच्या भाच्यानं जीप आणली होती. सध्याचे वस्ताद आधी नको म्हणाले, मग दारातून बाजूला झाले. तालमीत पंधरा-वीस पोरं होती, अंगाला माती लागलेली. वर दादाचा फोटो, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, आणि त्याला ताजा हार. मी एका पानावर लिहून नेलं होतं. आत्ता जे लिहिलं आहे ते त्याच पानाचं वाढवलेलं रूप आहे, कारण त्या पानात डॉक्टर मावले नव्हते, आणि ती बाकीची पोरं, ज्यांच्या डॉक्टरांना वाकून दाखवायला मी दादाला नेलं होतं, तीही मावली नव्हती.

मी वाचलं. माझा आवाज पहिल्यापासून बारीक, त्यात वय. संपलं तेव्हा एक पोरगा फोटोकडं बघत होता आणि एक माझ्या दंडाकडं.

उंबऱ्याबाहेर वहिनी चप्पल काढून उभी होती.

"भावजी," ती म्हणाली, "माजं नाव आलं तितं आवाज पडला तुमचा. परत वाचा."

मी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला.